युरोपीय संघ सोडल्यावर ब्रिटनच्या रोपवे कायद्याचं काय झालं? माहूर-लातूरकरांनी तो का समजून घ्यावा?

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं तर पायऱ्या चढाव्या लागतात. नवरात्रात आणि दत्तजयंतीला नांदेड, यवतमाळ, हिंगोलीबरोबर तेलंगणातूनही भाविक येतात. वयस्कर माणसं मध्येच कठड्याला टेकून दम खातात आणि कोणीतरी म्हणतंच, "इथं रोपवे पाहिजे बघा." ही चर्चा कित्येक वर्षांची आहे.

रोपवे झाला की पायऱ्यांचा त्रास वाचेल. पण डब्यात बसणाऱ्या माणसाचा जीव ज्या दोरावर लटकणार, तो दोर भक्कम आहे हे तपासून कोण सांगतं? कोणत्या कायद्यानं? आणि हा नियम लिहिणारी व्यवस्थाच एक दिवस बदलली, तर?

हा शेवटचा प्रश्न ब्रिटनसमोर खरोखर उभा राहिला. ब्रेक्झिटनंतर तिथल्या रोपवे सुरक्षेचा कायदा ज्या पायावर उभा होता, तो पायाच निघून जाणार होता.

थोडक्यात

- ब्रिटनमधल्या रोपवेंना युरोपीय संघाचा २०१६ चा नियम लागू होता.
- संघ सोडताना ब्रिटननं तो नियम रद्द केला नाही. स्वतःच्या कायद्यात उतरवून घेतला आणि त्यातल्या संस्था, शिक्के, जबाबदाऱ्या बदलल्या.
- मराठवाड्यानंही १९४८ आणि १९५६ नंतर असाच अनुभव घेतला आहे.
- भारतात रोपवे वाढत आहेत. यंत्रं बऱ्याचदा परदेशी असतात, पण डोंगर, वारा आणि भूकंप इथलाच असतो.

रोपवेसाठी वेगळा कायदा कशाला?

बस बंद पडली तर माणूस खाली उतरतो. रोपवे बंद पडला तर उतरायला जमीनच नसते. त्यामुळे रोपवेच्या सुरक्षेत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अपघात होऊ नये ही पहिली. डबा मध्येच अडकला तर माणसांना खाली कसं आणायचं, ही दुसरी.

भारतानं हे १० एप्रिल २०२२ ला पाहिलं. रामनवमीच्या दिवशी झारखंडमधल्या देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावरचा रोपवे बिघडला. अनेक प्रवासी डब्यांत अडकले. हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली आणि सुटकेचं काम १२ एप्रिलपर्यंत चाललं. तीन जणांचा मृत्यू झाला. त्यातले दोघं तर सुटका सुरू असताना पडून गेले.

युरोपात आल्प्सच्या डोंगरांमुळे रोपवे फार आधीपासून आहेत, आणि मोठे अपघातही. इटलीत कावालेझे इथे १९७६ मध्ये डबा कोसळून ४३ जण दगावले. ऑस्ट्रियात काप्रून इथे २००० साली बोगद्यातल्या फ्युनिक्युलरला आग लागून १५५ जणांचा जीव गेला. फ्युनिक्युलर म्हणजे दोरानं ओढली जाणारी, उतारावरच्या रुळांवरून चालणारी गाडी. नाशिक जिल्ह्यात सप्तशृंगी गडावर २०१८ पासून भाविक जिच्यातून वर जातात, ती याच प्रकारची. युरोपीय कायदा लटकणारा रोपवे आणि अशी फ्युनिक्युलर, दोन्हींना एकाच गटात धरतो, कारण दोन्हींमध्ये माणसांना दोरच ओढत असतो.

युरोपचा नियम नेमका काय सांगतो?

युरोपीय संघानं २००० साली प्रवासी रोपवेंसाठी पहिला समान निर्देश काढला. पुढे ९ मार्च २०१६ ला त्याची जागा घेणारा नवा नियम आला आणि २१ एप्रिल २०१८ पासून तो पूर्णपणे लागू झाला. निर्देश आला की प्रत्येक देशाला त्यावर आपला कायदा करावा लागतो. नियम मात्र सगळ्या सदस्य देशांत थेट लागू होतो. ब्रिटननं २०१८ मध्ये त्याला जोडून अंमलबजावणीचे स्वतःचे नियम केले.

या नियमात रोपवेचे सहा भाग पाडले आहेत:

१. दोर आणि त्यांचे जोड
२. चालवणारी यंत्रणा आणि ब्रेक
३. स्थानकांतली आणि मार्गावरची यांत्रिक साधनं
४. डबे, खुर्च्या आणि त्यांना दोराला पकडून ठेवणारी साधनं
५. विद्युत आणि नियंत्रण यंत्रणा
६. सुटकेची साधनं

हे भाग कारखान्यात बनतात आणि एका देशातून दुसऱ्या देशात विकले जातात. म्हणून त्यांची तपासणी एकदाच, मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेकडून व्हावी, त्यावर 'सीई' शिक्का बसावा आणि मग सगळ्या सदस्य देशांत तो माल चालावा, अशी रचना आहे.

खांब, पाया आणि स्थानकांच्या इमारती यात येत नाहीत. त्या जागेनुसार ठरतात. त्यांची परवानगी, रोज चालवणं आणि देखभाल यांची जबाबदारी प्रत्येक देशाची. मात्र त्या जागेचा सगळा धोका मोजणारं सुरक्षा विश्लेषण आणि अहवाल करणं बंधनकारक आहे.

म्हणजे यंत्राचा नियम सामाईक, डोंगराचा नियम ज्याचा त्याचा. ही विभागणी लक्षात ठेवली की पुढची गोष्ट सोपी होते.

ब्रेक्झिटनं अडचण कुठे झाली?

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूनं कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणाचा काळ संपला. त्या रात्रीनंतर युरोपीय नियम ब्रिटनमध्ये आपोआप लागू राहणार नव्हते.

नुसता रोपवेचा नव्हे, तर खेळण्यांपासून औषधांपर्यंत हजारो नियमांचा हा प्रश्न होता. सगळे नव्यानं लिहायला वेळ नव्हता. म्हणून २०१८ च्या माघार कायद्यानं एक सरळ युक्ती केली: त्या दिवशी जे युरोपीय नियम लागू आहेत, ते तसेच उचलून ब्रिटिश कायद्यात ठेवायचे. नंतर हवं ते बदलायचं.

पण कायदा तसाच उतरवून चालत नाही. त्यात 'युरोपीय आयोगाला कळवावं', 'संघाच्या बाजारात आणताना', 'सदस्य देशाच्या यंत्रणेनं' अशी वाक्यं जागोजागी असतात. संघाबाहेर गेल्यावर त्यांना अर्थ उरत नाही. भाडेकरारात घरमालकाचं नाव बदललं नाही, तर भाडं कोणाला द्यायचं, तसाच हा घोळ.

म्हणून मंत्र्यांना अशा 'उणिवा' दुरुस्त करण्याचा अधिकार दिला गेला. त्यालाही मुदत होती, संक्रमण संपल्यापासून दोन वर्षांची.

प्रत्यक्षात काय बदललं?

*तपासणी करणारी संस्था.* युरोपीय संघात त्रयस्थ तपासणी करणाऱ्या संस्थांची अधिकृत यादी असते. ब्रिटिश संस्था त्या यादीतून बाहेर पडल्या. ब्रिटननं आपली वेगळी यादी केली आणि तिला 'मान्यताप्राप्त संस्था' म्हटलं.

*शिक्का.* १ जानेवारी २०२१ पासून 'सीई'च्या जोडीला ब्रिटनचा स्वतःचा 'यूकेसीए' शिक्का आला.

*मानकं.* दोर किती वेळा तपासायचा, त्यातल्या किती तारा तुटल्या की तो बदलायचा, हे कायद्यात नसतं. ते तांत्रिक मानकांत असतं. संघात अशा मानकांना युरोपीय आयोग मान्यता देतो. ब्रिटनमध्ये ते काम मंत्र्यांकडे आलं. मात्र मानकं लिहिणारी युरोपीय समिती ही संघाची संस्था नाही, आणि ब्रिटनची मानक संस्था आजही तिची सदस्य आहे. त्यामुळे मजकुरात लगेच फारसा फरक पडला नाही.

*जबाबदारी.* वरवर किरकोळ वाटणारा हा बदल व्यापाऱ्यांना सर्वांत जास्त जाणवला. ऑस्ट्रियातून सुटा भाग आणून विकणारी ब्रिटिश कंपनी आधी कायद्याच्या भाषेत 'वितरक' होती. संघाबाहेर गेल्यावर तीच 'आयातदार' झाली. आयातदाराला मालावर आपलं नाव-पत्ता द्यावा लागतो, तपासणीची कागदपत्रं जपावी लागतात आणि माल सदोष निघाला तर पुढे यावं लागतं.

*धोक्याची सूचना.* संघात एखाद्या देशात सदोष माल सापडला की ती खबर सगळ्यांना देणारी यंत्रणा आहे. ब्रिटनला त्या यंत्रणेचा थेट वापर सोडावा लागला आणि स्वतःची नोंद-व्यवस्था उभारावी लागली.

उत्तर आयर्लंडची गोष्ट वेगळी. आयर्लंडच्या बेटावर पुन्हा सीमा-नाकी उभी राहू नयेत म्हणून मालाबाबत तिथे युरोपीय संघाचेच नियम चालू ठेवले गेले. एका देशात दोन व्यवस्था झाल्या.

मग इतका खटाटोप करून वेगळा शिक्का कशाला?

ब्रिटनमध्येही हाच वाद झाला. लंडनमध्ये थेम्स नदीवरची केबल कार जून २०१२ मध्ये सुरू झाली. तिची यंत्रणा ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीची. जगातल्या रोपवे उद्योगाची मोठी नावं ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या आल्प्सच्या पट्ट्यातली आहेत. ब्रिटनमध्ये रोपवे मोजकेच. एवढ्याशा बाजारासाठी परदेशी कारखानदारानं पुन्हा वेगळी तपासणी करायची, तर खर्च वाढतो. तो शेवटी तिकिटात येतो, किंवा जुना भाग बदलणं लांबणीवर पडतं. सुरक्षेच्या दृष्टीनं दुसरी गोष्ट जास्त वाईट.

रोपवे किती नाजूक असतो हे स्कॉटलंडनं पाहिलं आहे. केर्नगोर्म डोंगरावरची फ्युनिक्युलर २००१ मध्ये सुरू झाली. बांधकामातल्या दोषांमुळे ती २०१८ मध्ये बंद करावी लागली. २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी पुन्हा बंद पडली. तिथे अडचण मार्गाच्या बांधकामाची होती, म्हणजे ज्या भागाचा नियम ज्याचा त्याचा, त्याची.

वेगळ्या शिक्क्याबाबत ब्रिटिश सरकारनं पुढे माघार घेतली. ऑगस्ट २०२३ मध्ये अनेक प्रकारच्या मालासाठी 'सीई' शिक्का बेमुदत मान्य राहील असं जाहीर झालं. सगळे जुने युरोपीय नियम २०२३ अखेर आपोआप रद्द करण्याचा प्रस्तावही होता. कोणता नियम गेला आणि कोणता राहिला हेच कळणार नाही, अशी टीका झाली. मे २०२३ मध्ये तो विचार सोडून, जे रद्द करायचे त्यांचीच यादी करण्यात आली. जुलै २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्यानं तर मंत्र्यांना हवं तिथे युरोपीय नियमांशी जुळवून घेण्याची मुभा दिली.

स्वित्झर्लंडचा मार्ग वेगळा होता. तो देश युरोपीय संघात कधीच नव्हता. पण संघाशी परस्पर मान्यतेचा करार करून त्यानं आपल्या तपासणीला युरोपात मान्यता मिळवली. रोपवे हा त्या करारातला एक विषय आहे.

मराठवाड्याला यात नवं काय?

नांदेड-लातूरच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नंतर तो भारतातल्या हैदराबाद राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला.

त्या दिवशी हैदराबादचे कायदे रद्द झाले का? नाही. राज्य पुनर्रचना कायद्यानं सांगितलं की ज्या भागात जो कायदा लागू आहे, तो बदलेपर्यंत चालू राहील. आणि जुन्या कायद्यांतली नावं, अधिकारी, यंत्रणा नव्या राज्याला जुळवून घेण्यासाठी सरकारला एक वर्षाची मुदत दिली. ब्रिटननं जे २०१८ मध्ये केलं, त्याच जातीचं हे काम. फरक इतकाच की ब्रिटनला दोन वर्षं मिळाली.

याचा मागमूस आजही तहसील कार्यालयात दिसतो. मराठवाड्यात कुळाच्या जमिनीचा प्रश्न आला की 'हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०' निघतो. राज्य बदलून सत्तर वर्षं होत आली, तरी नावात हैदराबाद आहेच. पुण्या-साताऱ्यात दुसरा कूळ कायदा, इथे दुसरा. उतरवून घेतलेला कायदा 'तात्पुरता' म्हणून ठेवला जातो, पण तो पिढ्यान् पिढ्या टिकू शकतो.

जमिनीच्या बाबतीत याचा त्रास वेळ आणि हेलपाट्यांचा. रोपवेच्या बाबतीत जुना, न बदललेला कायदा जिवावर बेतू शकतो.

भारतात रोपवेचा कायदा कोणाचा?

रेल्वेसाठी देशभर एक कायदा आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त तपासणी करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. गाडी चालवणाऱ्यानंच गाडीला प्रमाणपत्र देऊ नये, हा त्यामागचा विचार. लातूरच्या कोच कारखान्यातून डबे बाहेर पडले तरी ते ज्या रुळांवर धावतील, त्यांना हीच व्यवस्था लागू असते.

रोपवेबाबत अशी एकच देशव्यापी व्यवस्था घडलेली नाही. तिथे राज्यांचे कायदे आहेत. बंगालचा रोपवे कायदा १९२३ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. हिमाचल प्रदेशचा १९६८ चा. केंद्रानं फेब्रुवारी २०२१ मध्ये रोपवेच्या विकासाचं काम रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे दिलं आणि २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' योजना जाहीर केली. त्रिकूटच्या अपघातानंतर केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना प्रत्येक रोपवेची सुरक्षा तपासणी करायला, देखभालीची पुस्तिका ठेवायला आणि सुटकेच्या रंगीत तालमी घ्यायला सांगितलं.

यंत्रसामग्री मात्र बऱ्याचदा युरोपची असते. गुलमर्गचा गोंडोला फ्रान्सच्या पोमा कंपनीचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या गिरनार रोपवेत ऑस्ट्रियाचं तंत्रज्ञान आहे. वाराणसीच्या प्रकल्पात स्विस कंपनी आहे. म्हणजे युरोपातली तपासणी आणि तिथली मानकं भारतीय प्रवाशापर्यंत आधीच पोहोचली आहेत.

शिक्का असला की झालं का?

नाही. दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

२३ मे २०२१ ला इटलीत मोत्तारोने डोंगरावर ओढणारा दोर तुटला. अशा वेळी डबा थांबवण्यासाठीच आणीबाणीचा ब्रेक असतो. पण तो ब्रेक सारखा अडकतो म्हणून निकामी करून ठेवला होता. १४ जण गेले. एक लहान मुलगा वाचला. ब्रेक तिथे होता, नियमही होता. तो पाळला गेला नव्हता.

३ सप्टेंबर २०२५ ला लिस्बनमधली १८८५ पासूनची प्रसिद्ध ग्लोरिया फ्युनिक्युलर घसरली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. प्राथमिक तपासात कळलं की बसवलेला दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता.

भारतात ६ सप्टेंबर २०२५ ला गुजरातमधल्या पावागडावर सामान नेणारा रोपवे कोसळून सहा जण दगावले. सामानाच्या रोपवेला प्रवासी रोपवेचे कडक निकष नसतात. त्यात माणसं असली तरी दोराला फरक कळत नाही.

आणि डोंगर तर आपलाच

सीई असो वा यूकेसीए, कोणताही शिक्का मराठवाड्याची जमीन तपासत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. तोपर्यंत हा परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नकाशा बदलून हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला, तो २००२ मध्ये. हिंगोली-नांदेड भागात २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्येही ४.५ च्या आसपासचे धक्के जाणवले.

म्हणून माहूरसारख्या ठिकाणी रोपवे उभा राहील तेव्हा ऑस्ट्रियाचा ब्रेक आणि स्वित्झर्लंडचा दोर चांगला असणं ही अर्धी गोष्ट झाली. खांबाचा पाया इथल्या खडकात, इथल्या वाऱ्यात आणि इथल्या भूकंपाच्या हिशेबानं बांधला आहे का, आणि नवरात्रातल्या गर्दीत डबा अडकला तर सुटका कोण, किती वेळात करणार, ही उरलेली अर्धी. या अर्ध्याची उत्तरं बाहेरून आणता येत नाहीत.

प्रवाशानं काय पाहावं?

रोपवेत बसताना दोर तपासणं कोणाच्याही हातात नसतं. पण काही गोष्टी नजरेला दिसतात. शेवटची तपासणी कधी झाली याचा फलक लावलेला आहे का? डब्यात किती माणसं बसवायची हे लिहिलेलं आहे का, आणि गर्दीतही ते पाळलं जातं का? वारा वाढला की रोपवे थांबवतात की रांग मोठी म्हणून चालूच ठेवतात? डब्यात आणीबाणीला बोलायची सोय आहे का? सामानाच्या ट्रॉलीत माणसं बसवली जातात का?

नवा रोपवे होणार असेल तर ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि भाविकांनी भूमिपूजनाआधीच विचारायचा प्रश्न एकच आहे: हा चालवणार कोण, आणि त्याच्यापेक्षा वेगळा असा तपासणारा कोण? दोन्हींचं उत्तर एकच नाव असेल, तर कायदा कुठूनही आणलेला असो, तो अपुरा आहे.